जुनाट पित्ताच्या गांधी : शरीराचा स्वतःशींच कलह

अंगावर पित्त उठणें हा अनुभव महाराष्ट्रांतील कोणत्याही घराला नवा नाहीं. अंगाला एकाएकीं खाज सुटते, खाजवावें तों त्या जागीं तांबूस उंचवटे उमटतात, कांहीं वाटाण्याएवढे तर कांहीं तळहाताएवढे, आणि चार घटकांत ते एका जागीं मावळून दुसऱ्या जागीं उगवतात. ह्या उंचवट्यांना कोणी गांधी म्हणतो, कोणी नुसतें पित्त म्हणतो. घरांतील वडील माणसें आमसुलाचें पाणी अंगाला लावतात, घोंगडी पांघरावयास देतात, आणि बहुतेक प्रसंगीं दोन-चार दिवसांत सर्व शांत होतें. असें तात्पुरतें पित्त हा प्रस्तुत विवेचनाचा विषय नव्हे. ज्याच्या अंगावर गांधी रोज किंवा दिवसाआड उठत राहतात आणि हा क्रम सहा आठवड्यांहून अधिक काळ चालतो, त्याच्या विकारास वैद्यकशास्त्र जुनाट पित्त असें समजतें. शंभर माणसांत सुमारें एकाला हा विकार असतो; पुरुषांपेक्षां स्त्रियांत तो सुमारें दुपटीनें आढळतो, आणि तोही बहुधा विशी ते चाळिशीच्या, म्हणजे ऐन कामाच्या वयांत.

पित्त ह्या शब्दानें ह्या बाबतींत मोठा घोटाळा करून ठेवला आहे. घशाशीं आंबट पाणी येतें त्यालाही लोक पित्त म्हणतात, यकृतांत तयार होणाऱ्या हिरवट-पिवळ्या रसालाही पित्त म्हणतात, आणि कातडीवरील गांधींनाही तेंच नांव देतात. नांव एक पडल्यामुळें कारणही एकच असावें अशी समजूत होते, आणि त्वचेच्या विकाराचें मूळ पोटांत शोधलें जातें. आपल्या प्राचीन वैद्यकानेंही त्यास शीतपित्त म्हटलें होतें. माधवनिदान ह्या ग्रंथांत शीतपित्त, उदर्द आणि कोठ ह्यांचें स्वतंत्र प्रकरण असून, गांधीलमाशीच्या दंशासारखी सूज आणि तीस असणारी खाज हें त्यांतील मुख्य लक्षण सांगितलें आहे. डोळ्यांना दिसणारें लक्षण त्या ग्रंथकारानें अचूक टिपलें, आणि त्याची उपमा आजच्या शास्त्राच्या दृष्टीनेंही यथार्थ आहे. कारण दंशाच्या सुजेंत आणि ह्या गांधींत एकच द्रव्य काम करीत असतें. मात्र येथें माशी कोठें दिसत नाहीं. मग दंश कोण करतें, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ पंडितांच्या चर्चेचा नाहीं. छत्रपती संभाजीनगराहून सिल्लोडमार्गे अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर फुलंब्री हें तालुक्याचें गांव आहे. कापूस, मका आणि आलें हीं तेथील शिवारांतील पिकें. अशा गांवांतील एखाद्या शेतकरी गृहिणीला हा विकार जडला म्हणजे काय काय घडतें तें लक्षांत घ्यावें. प्रथम दोष शेताला दिला जातो : कापसावरील किडा, फवारणीचें औषध किंवा बांधावरील गाजरगवत अंगाला लागलें असेल. शेतांत जाणें थांबवूनही गांधी उठतच राहिल्या म्हणजे दोष ताटाकडे वळतो. आज वांगें बंद, उद्यां हरभऱ्याची डाळ बंद, मग शेंगदाणे, दहीं, चिंच, अंडीं, मासळी अशी एकेक वस्तु ताटांतून निघून जाते, आणि कांहीं महिन्यांनीं भाकरी व फिकें वरण एवढेंच उरतें. गांधी मात्र तशाच. पुढें कोणी तरी एक सुई टोचतो. चार दिवस जादू झाल्यासारखें वाटतें, आणि पांचव्या दिवशीं त्रास दुणावून परत येतो. ह्या सर्वांच्या जोडीला शेजारीपाजारी कुजबुज असतेच : हिचें रक्त बिघडलें आहे, हा रोग लागट असेल, हिचें अंथरूण वेगळें ठेवावें. रात्रभर खाजेनें झोप नाहीं, दिवसा अंगांत त्राण नाहीं, आणि वर आपलेंच कांहीं तरी चुकलें असा मनाला ठपका. म्हणून अपराधी कोण हें नीट कळणें ह्याला फार महत्त्व आहे. गेल्या चाळीस वर्षांतील संशोधनानें त्याचें जें उत्तर दिलें आहे तें थोडक्यांत असें : जुनाट पित्ताच्या पुष्कळ रुग्णांत अपराधी शेतांतही नसतो आणि ताटांतही नसतो. शरीराच्या संरक्षणासाठीं निर्माण झालेलीं द्रव्येंच त्या शरीरावर उलटलेलीं असतात.

हें कसें घडतें तें समजण्यासाठीं प्रथम त्वचेंतील एका विशिष्ट पेशीची ओळख करून घेतली पाहिजे. पॉल एरलिख ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८७८ सालीं, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षीं, आपल्या पदवीच्या प्रबंधांत तिचें वर्णन केलें. रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां ती पेशी बारीक कणांनीं गच्च भरलेली दिसली. खाऊनपिऊन पुष्ट झालेली असावी असें वाटून त्यानें तिला मास्ट पेशी असें नांव दिलें. जर्मन भाषेंत मास्ट म्हणजे पुष्ट करण्याचा चारा. ते कण म्हणजे अन्नाचा सांठा नसून कांहीं तीव्र द्रव्यांचा सांठा आहे, हें पुढें कळलें. त्या द्रव्यांपैकीं प्रमुख हिस्टामिन. इंग्लंडांत हेन्री डेल आणि त्यांचे सहकारी लेडलॉ ह्यांनीं १९१० च्या सुमारास त्याचे शरीरावरील परिणाम तपासले. आणि टॉमस लुइस ह्यांनीं त्वचेवर ओरखडा काढला असतां लाली, भोंवतालची झांक आणि सूज अशी तिहेरी प्रतिक्रिया कशी उमटते, तें १९२० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें. मास्ट पेशींतील हिस्टामिन बाहेर सांडलें कीं बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून त्वचा लाल होते. त्या वाहिन्यांच्या भिंती झिरपूं लागून पाणी बाहेर येतें, म्हणून उंचवटा येतो. आणि ज्ञानतंतूंचीं टोकें चेतवलीं जातात, म्हणून खाज सुटते. गांध म्हणजे एवढेंच. पाणी पुन्हां शोषलें गेलें कीं ती मावळते आणि मागें डागही उरत नाहीं.

आतां ह्या कोठाराचें दार उघडतें कोण? ह्या प्रश्नाची पहिली किल्ली १९२१ सालीं दोघां जर्मन डॉक्टरांनीं आपल्याच अंगावर केलेल्या एका प्रयोगांत सांपडली. त्यांतील क्युस्टनर ह्यांना मासळी वर्ज्य होती. ती खाल्ली कीं त्यांच्या अंगावर गांधी उठत. प्राउसनिट्झ ह्यांना मासळीचा कांहींच त्रास नव्हता. क्युस्टनर ह्यांचें रक्त गोठूं दिल्यावर वर जो निवळ द्रव उरला, ज्याला डॉक्टर सिरम म्हणतात, तो प्राउसनिट्झ ह्यांनीं आपल्या पोटाच्या कातडींत थोडासा टोचून घेतला. दुसऱ्या दिवशीं त्याच जागीं मासळीचा अर्क टोचतांच तेथें गांध उठली. अर्थात् त्रास देणारें कांहीं तरी रक्तांतील द्रवांतून एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतां येत होतें. तें काय, हें निश्चित होण्यास आणखी पंचेचाळीस वर्षें लागलीं. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेंत इशिझाका पतिपत्नी आणि स्वीडनमध्यें योहान्सन व बेनिख ह्यांनीं स्वतंत्रपणें तें द्रव्य शोधून काढलें, आणि त्यास इम्युनोग्लोब्युलिन ई हें नांव मिळालें.

हें द्रव्य म्हणजे प्रतिपिंडांचा एक प्रकार. प्रतिपिंड हें शरीरांत शिरलेल्या परक्या पदार्थाला नेमकें ओळखून त्याला चिकटणारें प्रथिन होय. त्याला दोन हात असतात. देवी, गोवर अशा रोगांपासून पुढें आयुष्यभर रक्षण होतें तें मुख्यतः ह्यांच्याच बळावर. मास्ट पेशीच्या पृष्ठभागावर दाराच्या कड्यांसारखे असंख्य ग्राहक रेणु असतात, आणि ह्या ई प्रकारच्या प्रतिपिंडाचें बूड त्या कडींत घट्ट बसतें. नुसतें बसल्यानें कांहीं होत नाहीं. परंतु मासळीसारख्या पदार्थाचा कण येऊन शेजारशेजारच्या दोन प्रतिपिंडांना एकदम पकडतो, तेव्हां त्यांच्या खालच्या दोन कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात, आणि त्या ओढीसरशी कोठाराचें दार उघडून हिस्टामिन बाहेर सांडतें. खाण्याच्या किंवा औषधाच्या ॲलर्जीनें उठणारें तात्पुरतें पित्त तें हेंच. त्याची खूण अशी कीं, तो पदार्थ पोटांत गेल्यावर कांहीं मिनिटांत, फार तर दोन तासांत, गांधी उठतात. आणि प्रत्येक वेळीं तोच पदार्थ तोच त्रास देतो.

जुनाट पित्ताला ही उपपत्ति लागू पडत नाहीं. तेथें गांधी पहाटे उठतात, उपाशीपोटीं उठतात, एकादशीला उठतात आणि द्वादशीलाही उठतात. बाहेरचा पदार्थ कितीही शोधला तरी सांपडत नाहीं. म्हणून कित्येक वर्षें डॉक्टर ह्या रोगाला अज्ञात कारणाचें पित्त असेंच नांव देत असत. कारण शरीराच्या आंतच असेल, ही कल्पना लवकर कोणाच्या मनांत आली नाहीं. आणि ह्याचें श्रेय किंवा दोष पुन्हां त्याच एरलिखकडे जातो. १९०० च्या सुमारास बकऱ्यांवर प्रयोग करतांना त्याला दिसलें कीं, एका बकरीला दुसरीचें रक्त टोचलें तर त्याविरुद्ध प्रतिपिंडें तयार होतात, पण तिचें स्वतःचें रक्त टोचलें तर होत नाहींत. त्यावरून त्यानें असा सिद्धांत मांडला कीं, स्वतःला विषबाधा करण्याचा शरीराला जन्मजात तिटकारा असतो. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचा शब्द, त्यामुळें पुढील अर्धें शतक बहुतेकांनीं तो प्रमाण मानला. १९५६ सालीं मात्र त्याला मोठा तडा गेला. अमेरिकेंत रोझ आणि विटेबस्की ह्यांनीं सशांवरील प्रयोगांत, व लंडनमध्यें रॉइट, डोनिअक आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं रुग्णांच्या रक्तांत, गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीविरुद्ध खुद्द त्याच शरीरानें बनवलेलीं प्रतिपिंडें दाखवून दिलीं. अशांना स्वप्रतिपिंडें म्हणावें. शरीर स्वतःशीं कलह करूं शकतें, हें त्या वेळीं सिद्ध झालें.

जुनाट पित्ताचा आणि ह्या कलहाचा संबंध जुळला तो १९८३ सालीं. कॅनडांतील लेझनॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलें कीं, जुनाट पित्ताच्या रुग्णांत थायरॉइडविरुद्धचीं स्वप्रतिपिंडें इतर लोकांपेक्षां बरींच अधिक असतात. हा पुरावा अप्रत्यक्ष होता. १९८६ सालीं इंग्लंडांत ग्रॅटन आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं त्याच्या पुढचें पाऊल टाकलें. प्राउसनिट्झ ह्यांनीं दुसऱ्याचें सिरम स्वतःला टोचून घेतलें होतें. ग्रॅटन ह्यांनीं रुग्णाचेंच सिरम त्या रुग्णाच्याच कातडींत टोचलें. कांहीं रुग्णांत त्या जागीं हुबेहूब गांध उठली. येथें मासळी नव्हती, परका कणही नव्हता. स्वतःच्या रक्तांतील द्रव हाच दंश करीत होता. अखेर १९९३ सालीं लंडनमध्यें जपानी संशोधक मिचिहिरो हिदे, मॅल्कम ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो दंश करणारा पदार्थ ओळखून काढला. कित्येक रुग्णांच्या रक्तांत, मास्ट पेशीवरील त्या कड्यांनाच थेट पकडणारें स्वप्रतिपिंड होतें.

ही गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी, कारण सर्व मर्म तेथें आहे. ॲलर्जीमध्यें बाहेरचा कण येऊन दोन कड्यांना एकत्र ओढतो. ह्या रोगांत बाहेरच्याची गरजच उरत नाहीं. स्वप्रतिपिंडाला दोन हात असतातच. तें एका हातानें एक कडी व दुसऱ्या हातानें दुसरी कडी धरतें आणि दार उघडतें. कांहीं रुग्णांत तें कडीला न धरतां कडींत बसलेल्या ई प्रतिपिंडाला धरतें, परिणाम एकच. ह्याशिवाय आणखी एक मार्ग अलीकडे उजेडांत आला आहे. कांहींच्या अंगांत ई प्रतिपिंडेंच स्वतःच्या शरीरांतील एखाद्या द्रव्याविरुद्ध, उदाहरणार्थ थायरॉइडमधील एका विकराविरुद्ध, तयार झालेलीं असतात. मासळीच्या कणाची जागा येथें शरीराचाच कण घेतो. म्हणजे ज्या पेशीला नांव दिलें एरलिखनें, त्याच पेशीच्या दारांत त्याच्या सिद्धांताला अपवाद उभा राहिला.

तरीही ह्या शोधाला त्याच्या योग्यतेहून अधिक ताणूं नये. जुनाट पित्ताच्या प्रत्येक रुग्णांत स्वप्रतिपिंडें सांपडतात असें नाहीं. स्वतःच्या सिरमची त्वचाचाचणी केली तर साधारणतः तीस ते पन्नास टक्के रुग्णांत ती होकारार्थी येते. परंतु होकार आला म्हणजे प्रतिपिंडच आहे असा निर्वाळा त्यावरून देतां येत नाहीं, कारण सिरममध्यें इतरही चेतक द्रव्यें असतात. त्वचाचाचणी, रक्तांतील पेशींवरील चाचणी आणि प्रतिपिंडाचें प्रत्यक्ष मोजमाप ह्या तिन्ही कसोट्यांना एकदम उतरणारे रुग्ण शेंकडा दहाच्या आंतच भरतात. कांहींचें पित्त थंड वाऱ्यानें, कांहींचें दाबानें, कांहींचें घामानें उठतें. तो वर्ग निराळा. म्हणून शास्त्र एवढेंच म्हणतें कीं, आपोआप उठणाऱ्या जुनाट पित्ताच्या मुळाशीं स्वप्रतिपिंडें हें एक मोठें आणि सिद्ध झालेलें कारण आहे, आणि ज्यांच्यांत तें असतें त्यांचा त्रास बहुधा अधिक तीव्र व अधिक काळ टिकणारा असतो.

ही त्वचाचाचणी महाराष्ट्राला अपरिचित नाहीं. नवी मुंबईचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. किरण गोडसे ह्यांनीं २००४ सालीं आपल्या रुग्णांवरील तिचे निष्कर्ष भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केले. तपासलेल्या रुग्णांपैकीं सुमारें चतुर्थांशांत ती होकारार्थी आली होती. चाचणीस मोठें यंत्र लागत नाहीं, हा तिचा आपल्याकडील मोठा गुण. रुग्णाचें थोडें रक्त काढून सिरम वेगळें करतात. हाताच्या आंतल्या बाजूस तें एका जागीं, नुसतें मिठाचें पाणी दुसऱ्या जागीं आणि हिस्टामिन तिसऱ्या जागीं, अगदीं थेंबभर टोचतात. अर्ध्या तासानें पाहतां सिरमच्या जागचा उंचवटा मिठाच्या पाण्याच्या जागेहून निदान दीड मिलिमीटरनें मोठा असला, तर चाचणी होकारार्थी समजतात. तत्पूर्वीं दोन-तीन दिवस खाजेच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहींतर उत्तर खोटें येतें. ही चाचणी निष्णात माणसाच्या देखरेखीखालींच व्हावी.

ह्याच विचारांतून आपल्या देशांत एक उपचारही पुढें आला. रुग्णाचें स्वतःचेंच सिरम आठवड्यांतून एकदां, असें आठ-नऊ आठवडे टोचावयाचें. अलाहाबादेंत डॉ. बजाज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००८ सालीं, व पुढें नवी मुंबई आणि कोलकाता येथील डॉक्टरांनीं, त्यावरचे अनुभव प्रसिद्ध केले. कित्येक रुग्णांना आराम पडल्याचें त्यांत दिसतें. हा उपाय स्वस्त आहे, म्हणून त्याचें आकर्षण साहजिक आहे. तथापि असे सर्व प्रयोग एकत्र तपासून पाहतां, नुसतें मिठाचें पाणी टोचण्यापेक्षां तो निश्चित सरस ठरतो असें सिद्ध झालेलें नाहीं. तेव्हां तो तज्ज्ञ डॉक्टरनेंच, रुग्णाला ही गोष्ट सांगून करावा; गल्लीबोळांतील सुईवाल्यानें करूं नये.

आतां ह्या सर्व ज्ञानाचा संसारांतील उपयोग काय, तो पाहूं जातां पहिली गोष्ट ताटाची येते. दार उघडणारा हात शरीराच्या आंतला आहे हें एकदां समजलें, म्हणजे डाळ, दहीं, वांगें, शेंगदाणे ह्यांच्यावरील बंदी बहुतांशी निरर्थक ठरते. तिनें गांधी कमी होत नाहींत. अंगांतलें रक्त आणि बळ मात्र कमी होतें. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दरवेळीं तासा-दोन तासांत त्रास होतो असें खरोखर दिसलें तर तो सोडावा. केवळ ऐकीव सांगण्यावरून सोडूं नये. याउलट ज्या गोष्टी गांधींना चेतवतात त्या टाळाव्या. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा अंगदुखीच्या गोळ्या सुमारें चतुर्थांश रुग्णांत त्रास वाढवतात. त्याऐवजीं पॅरासिटामॉल बहुधा चालतें. घट्ट कपडे, नाडीचा काच, कडक ऊन, अतिगरम पाण्याचें स्नान, मद्य आणि मनाचा ताण ह्यांनींही भर पडते. दुसरी गोष्ट ही कीं, हा रोग लागट नाहीं. स्वप्रतिपिंडें स्पर्शानें, भांड्यानें किंवा अंथरुणानें एकाकडून दुसऱ्याकडे जात नाहींत. रुग्णाला वेगळें बसवणें हा निव्वळ अन्याय आहे.

तिसरी गोष्ट औषधांची. हिस्टामिनला अडवणाऱ्या नव्या, झोप न आणणाऱ्या किंवा कमी आणणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ लिव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन, बिलास्टिन, हा पहिला उपाय. त्या गांध उठली कीं एक, अशा रीतीनें घेऊं नयेत. रोज नियमानें घ्याव्या, कारण सांडलेलें हिस्टामिन परत कोठारांत भरतां येत नाहीं, त्याचा परिणाम तेवढा आधींपासून रोखून धरतां येतो. एका गोळीनें भागलें नाहीं तर डॉक्टर विचारपूर्वक ती मात्रा चौपटीपर्यंत वाढवूं शकतात. रुग्णानें आपल्या मनानें वाढवूं नये, आणि गरोदर स्त्रीनें तर विचारल्यावांचून कोणतीच गोळी घेऊं नये. इतक्यानेंही न हटणाऱ्या रोगासाठीं ओमॅलिझुमॅब नांवाचें इंजेक्शन आहे. तें स्वतःच एक बनवलेलें प्रतिपिंड असून रक्तांतील ई प्रतिपिंडांना धरून ठेवतें. त्यामुळें मास्ट पेशीवरील कड्या रिकाम्या राहतात आणि हळूहळू कमीही होतात. अमेरिकेंत व युरोपांत २०१४ सालीं त्यास जुनाट पित्तासाठीं मान्यता मिळाली. दर चार आठवड्यांनीं तें घ्यावें लागतें, आणि त्याचा खर्च सामान्य शेतकऱ्याला झेपण्याजोगा नाहीं. सायक्लोस्पोरिन हें त्यामानानें स्वस्त औषध आहे, पण त्यावर असतां रक्तदाब आणि मूत्रपिंड ह्यांची तपासणी वरचेवर करावी लागते. थायरॉइडची तपासणीही ह्या रुग्णांनीं एकदां करून घ्यावी हें वर सांगितलेल्या संबंधावरून उघड आहे.

त्या जादूच्या सुईविषयीं येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. ती बहुधा डेक्झामेथासोन किंवा तत्सम स्टेरॉइडची असते. अगदीं तीव्र प्रसंगीं, थोडे दिवस, डॉक्टरच्या हातून ती योग्य आहे. परंतु महिनोन्महिने ती घेत राहिल्यानें रक्तांतील साखर व दाब वाढतो, हाडें ठिसूळ होतात, चेहरा सुजतो. रोगाचें मूळ मात्र जागच्या जागींच राहतें. फुलंब्रीच्या रुग्णाला त्यासाठीं फार लांब जावें लागत नाहीं. पंचवीस-तीस किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर येथें १९५६ सालीं स्थापन झालेलें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या रुग्णालयास सारा मराठवाडा घाटी ह्या नांवानें ओळखतो, आणि तेथें त्वचारोगांसाठीं वेगळा विभाग आहे. दहा सुयांच्या खर्चापेक्षां तेथील एक फेरी अधिक उपयोगी पडेल.

डॉक्टरकडे जाण्यापूर्वीं रुग्णाला घरींही कांहीं गोष्टी करतां येतात. एखाद्या गांधीच्या कडेनें शाईच्या लेखणीनें वर्तुळ काढून ठेवावें. चोवीस तासांच्या आंत ती गांध डाग न ठेवतां मावळली, तर तें पित्त समजावें. ती अधिक काळ टिकली, दुखूं लागली किंवा जातांना काळानिळा डाग ठेवून गेली, तर विकार निराळा असून रक्तवाहिन्यांचा दाह असूं शकतो. तेव्हां तपासणी लवकर करावी. गाजरगवतानें होणारा त्वचेचा दाहही असाच दिवसचे दिवस राहतो, त्यांत कातडी खरबरीत होऊन सोलते. त्यावरून तो वेगळा ओळखावा. दुसरें, एका वहींत रोजचे गुण लिहावेत. दिवसभरांत गांध नाहीं तर शून्य, वीसच्या आंत असल्यास एक, वीस ते पन्नास असल्यास दोन, त्याहून अधिक असल्यास तीन. खाजेलाही तिच्या जोराप्रमाणें शून्य ते तीन. सात दिवसांची बेरीज जास्तींत जास्त बेचाळीस होते. जगभरचे डॉक्टर हेंच मोजमाप वापरतात, आणि औषध लागू पडतें कीं नाहीं तें त्या बेरजेवरून एका दृष्टिक्षेपांत कळतें. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ओठ व पापण्या सुजणें ह्या रोगांत पुष्कळदां घडतें आणि तें बहुधा ओसरतें. पण जीभ किंवा घसा सुजला, आवाज बसला, श्वास कोंडला किंवा घेरी आली, तर वाट न पाहतां १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

शेवटीं आशेचा एक शब्द सांगणें अवश्य आहे, कारण ह्या रोगाचा रुग्ण बहुधा तीच गमावून बसलेला असतो. स्वतःशीं चाललेला हा कलह जन्मभर टिकणारा नसतो. साधारणतः एक ते पांच वर्षांत बहुतेकांचा रोग आपोआप निवळतो. स्वप्रतिपिंडें असणाऱ्यांत थोडा अधिक वेळ लागतो इतकेंच. तोंवर औषधानें गांधी ताब्यांत ठेवावयाच्या, झोप आणि काम सांभाळावयाचें, आणि शरीराला पोसणारें अन्न चालू ठेवावयाचें, हाच शहाणपणाचा मार्ग होय. ज्या घरांत असा रुग्ण असेल त्या घरच्या माणसांनीं त्याच्या ताटांतील आणखी एक वस्तु काढून घेण्यापूर्वीं, आधीं काढलेल्या वस्तूंनीं काय फरक पडला हें त्या वहींत पाहावें. फरक पडलेला नसेल तर त्या वस्तु ताटांत पुन्हां वाढाव्या, आणि रुग्णाला घाटीच्या त्वचारोग विभागांत घेऊन जावें.